बायकोशेजारचा माणूस

"माणूस उभा केलाय," मास्तर फोनवर म्हणाले, "माझ्या बायकोशेजारी."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मास्तरांनी फोन कानापासून लांब धरून पाहिला. चालू होता. पुन्हा कानाला लावला.

"हॅलो?"

"ऐकतेय मी," नगरपालिकेच्या तक्रार कक्षातली बाई म्हणाली. "पण काका, हे पोलिसांचं काम आहे. आमच्याकडे रस्ते, पाणी, कचरा, दिवे..."

"पोलीस कशाला? भिंतीवर उभा केलाय."

"भिंतीवर चढलाय?"

"चढला नाही हो, काढलाय! चित्रात. समोर पंपघराच्या भिंतीवर तुमच्याच लोकांनी एवढं मोठं चित्र करून घेतलंय ना, त्यात एका खिडकीत माझी बायको आहे. एकटी होती. आता शेजारी हा उपटसुंभ."

बाईने खाकरल्यासारखं केलं. ते हसूच असणार, पण मास्तरांकडे तसा पुरावा नव्हता.

"आणि काकूंचं काय म्हणणं आहे यावर?"

"काकू नाहीत आता."

"अच्छा," बाई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "सॉरी हं, काका. मला कल्पना नव्हती. थांबा, नोंद करून घेते. विद्रूपीकरणाखाली टाकते. सार्वजनिक कलाकृतीचं विद्रूपीकरण. बरोबर?"

"अगदी बरोबर शब्द. विद्रूपच आहे."

"थोडं वर्णन सांगा."

वर्णन सांगा म्हटल्यावर मास्तर सरसावले. कठड्याला टेकून त्यांनी समोर डोळे बारीक केले.

"डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. छाती आत गेलेली. मान पुढं, कासवासारखी. एक हात असा लोंबतोय, जसा काही दुसऱ्याचा सांभाळायला घेतलाय. आणि दुसरा हात तिच्या मागं आहे, तो दिसतच नाही, हे मला मुळीच पसंत नाही. दाढीचे खुंट. अंगात बनियन. नुसतं बनियन, अहो! बाईमाणसाच्या शेजारी! ह्या अंगाला कोट शिवायची वेळ आली तर शिवणाऱ्यानं कात्री टाकून द्यावी."

"'अनोळखी पुरुष' असं लिहू?"

"लिहा. आणि गबाळा, तेही लिहा."

"गबाळ्याला यात जागा नाही, काका."

"जागा नाही म्हणून तर इथं येऊन उभा राहिला असेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. कोपऱ्यावर त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं तेव्हापासून गल्ली त्यांना मास्तर म्हणते, आणि दुकान जाऊन तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा आला तरी मास्तर मास्तरच राहिले. समोर माणूस आला की खांदे आधी बघायचे, चेहरा नंतर, ही त्यांची हयातभराची खोड. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर नाव आठवायला वेळ लागे, पण याच्या पाठीत डाव्या बाजूला चिमूटभर कापड जास्त सोडावं लागतं, हे पटकन आठवे.

आणि चित्राचं म्हणाल तर त्याची गोष्ट साधी होती. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेला शहर सुंदर करायची लहर आली. लहर आली तशी गेली, पण तेवढ्यात पंपघराची भिंत रंगून झाली होती. बाहेरगावची एक चित्रकार मुलगी परांचीवर चढून बसायची. तिने भिंतभर एक खोटं घर काढलं, खिडक्याच खिडक्या असलेलं, आणि परांचीवरून जो दिसेल त्याला उचलून एकेका खिडकीत बसवलं. बँकेतला कॅशियर पेपर वाचत बसला. कुणाचं तरी मांजर झोपलं. एका खिडकीत तर नुसती चादर वाळत होती. समोरच्या गॅलरीतून मास्तरांची बायको त्या मुलीला दिवसभर सल्ले द्यायची. "अगं, त्या पडद्याला चुण्या कमी पडल्या!" "त्या कॅशियरला एवढे केस कुठले गं, बाई?" शेवटी मुलीने तिलाच काढली. कोपरं खिडकीत टेकलेली, हनुवटी वर, तोंड अर्धं उघडं. गल्लीत लोक म्हणाले, तोंड उघडं ठेवलंय ना, मग ओळख पटायला तेवढं पुरे.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी बायकोने दुकानात फोन केला होता, या ना जरा, बघून जा. मास्तर म्हणाले, हे एवढं गिऱ्हाईक उरकतो. एकामागून एक गिऱ्हाईक उरकता उरकता अंधार पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, नाक बरं जमलंय.

"तुम्हालाही काढणार होती ती," बायको म्हणाली होती. "मला म्हणाली, काकांना बोलवा. मी म्हटलं, बाई गं, तो माणूस घरात कधी दिसला तर मलाही दाखव."

आता तो माणूस घरातच असायचा. दुकान गेलं, मग बायको गेली, आणि मास्तरांच्या हाताला फक्त गॅलरी उरली. सकाळी उठले की तिथं. चहा तिथं. दुपारची पोळी वाटीत बुडवून तिथंच उभ्याने. घरात बायकोचा एक फोटो होता, पण तो कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला, आणि त्यात ती डोळे वटारून कॅमेऱ्याला भ्यायलेली दिसत होती. भिंतीवरची मात्र अस्सल होती. कुठल्याही क्षणी काहीतरी बोलेल अशी. मास्तर तिच्या बोलण्याची वाट बघत उभे राहायचे, असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण राहायचे. मास्तरांची मुलगी परगावाहून फोन करायची, "बाबा, काय करताय?" "काही नाही, जरा गॅलरीत होतो." "बरं, जेवलात?" "हो." मग दोघांनाही पुढचं सुचायचं नाही.

आणि अशात हा उपटसुंभ. आता बायकोकडे बघायचं म्हणजे याच्याकडेही बघावं लागत होतं. मास्तरांना संताप येई आणि संतापापेक्षा जास्त असं काहीतरी येई, ज्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. लग्न झालेल्या बाईच्या खिडकीत परका पुरुष, आणि आपण रस्त्याच्या या बाजूला. जाऊन चार शब्द सुनवावेत तर तोही रंगाचा आणि तीही रंगाची.

फोन ठेवून ते खाली उतरले. जिन्याखालच्या गाळ्यात लॉन्ड्रीवाली इस्त्री करत होती.

"ताई, समोर बघितलंत?"

तिने मान वर केली आणि तिचा चेहरा फुलला. "बघितलं की! मी म्हटलं, मास्तर काही बोलत कसे नाहीत अजून."

"कुणाचं काम हे?"

"परांचीवरच्या कुणाचं तरी असेल. पंपघराचे पाइप बदलले ना, ते लोक चार दिवस तिथंच टांगलेले होते. रंगही तोच, पाइपाला मारायचा काळा. त्यात एक जण होता, डबा खाताना सारखा इकडं तुमच्याकडं बघायचा."

"माझ्याकडं कशाला बघेल?"

"आता दुसरं काय दिसतं हो तिथून?"

"ते राहू दे. हा माणूस कोण, ते सांगा. गल्लीतलाच असणार. मनानं कुणी असलं ध्यान काढत नाही."

लॉन्ड्रीवालीच्या हातातली इस्त्री थांबली. तिने मास्तरांकडे नीट पाहिलं, मग हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते दंडाने पुसलं.

"मास्तर, तुम्ही पण ना! काखेत कळसा न्..."

"म्हणजे तुमच्या ओळखीतला आहे?"

"जा, वर जाऊन बसा. चादर करपेल माझी."

मास्तरांना राग आला. आपल्या बायकोच्या बाबतीत लोकांनी थट्टा करावी, इतकी आपली किंमत उतरली का? पूर्वी सगळी गल्ली दुकानात यायची, मास्तर असं करा, मास्तर तसं करा. आता काळं कुत्रं विचारत नव्हतं, आणि विचारलं तर असं.

जिना चढताना त्यांनी मनातल्या मनात सगळी गिऱ्हाइकं एका रांगेत उभी केली. बँकेतला कॅशियर. खांदे पडके खरे, पण दोन्ही सारखे. औषधाच्या दुकानाचा मालक. मान हुबेहूब, पण छाती भरदार, पाच बटणांत मावत नाही. तळमजल्यावरचा वकील. त्याचा खांदा खाली आहे, पण उजवा, पिशवी लटकवून लटकवून. बसचा कंडक्टर, त्याचा भाऊ, भावाचा व्याही. एकाचं अंग जुळेना. एवढ्या खांद्यांवरून हात फिरवलेला माणूस, आणि हा एक खांदा सापडू नये, याने ते बेचैन झाले. हा नक्कीच आपल्याकडे न शिवणारा असणार. तयार कपडे घेणारा. चेहऱ्यावरूनच दिसतंय.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचाच फोन आला.

"काका, मी तक्रार कक्षातली. उद्या पाहणीला इंजिनीयर मॅडम येतील. पण तुम्हाला एक आधीच सांगून ठेवते. ऑफिसनं त्या चित्रकार मुलीला फोन लावला, नंबर बंद आहे. मूळ कलाकार मिळाला नाही तर चित्राची दुरुस्ती होत नाही."

"मग काय होतं?"

"विद्रूपीकरण ठरलं, तर नियमानं अख्खी भिंत एका रंगात करतात. यंदा फिकट पिवळा आहे."

मास्तर कठडा धरून उभे राहिले. "आणि ती?"

"कोण ती?"

मग बाईच्या लक्षात आलं. "ओ," ती म्हणाली. "हो ना. तेच म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"तक्रार मागं घेतो मी. आत्ताच्या आत्ता."

"नोंद झाली की पाहणी होतेच, काका. मॅडमना सांगा काय ते. त्या चांगल्या आहेत, ऐकून घेतात."

सबंध दुपार मास्तर गॅलरीत येरझारा घालत राहिले, म्हणजे दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे, त्याहून जास्त गॅलरीच नव्हती. आपणच आपल्या हाताने तिच्यावर फिकट पिवळा ओतायची सोय केली. कुणी सांगितलं होतं फोन करायला? उभा होता बिचारा कोपऱ्यात, खात होता का काही? आता त्या गबाळ्याची वकिली करायची पाळी आपल्यावर आली. मॅडमना म्हणायचं, राहू द्या हो, पोटभाडेकरू समजू. म्हणायचं, चित्राला तेवढाच भरदारपणा आला. भरदारपणा! ते छाती आत गेलेलं ध्यान!

"एवढं सहन कर," ते समोर बघून मोठ्याने म्हणाले. "दुसरा इलाज नाही. तू तुझ्या बाजूला उभी राहा, तो त्याच्या बाजूला."

तिचं तोंड अर्धं उघडं होतं. पण तसं ते नेहमीच असायचं.

मॅडम सकाळी लवकर आल्या. इतक्या लवकर की मास्तर अजून चहाचा कप कठड्यावर ठेवून गॅलरीतच होते. त्यांनी खालून हाक मारली, "तक्रारदार तुम्हीच ना? थांबा तिथंच, फोटो काढून वर येते." मास्तर थांबले. मॅडम भिंतीपाशी गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या, मोबाइल आडवा धरला, उभा धरला. आपल्या मुलीच्याच वयाच्या असतील. कामाला लागलेली माणसं बघायला मास्तरांना बरं वाटे. शेवटी त्या जिना चढून आल्या तेव्हा दार उघडायला जाताना मास्तरांच्या लक्षात आलं की घरात कित्येक दिवसांत कुणी आलेलं नाही, खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे, आणि बसा म्हणायला दुसरी खुर्ची नाही.

"उभीच बरी आहे, काका," मॅडम म्हणाल्या. त्या दारातून मास्तरांकडे बघत होत्या, जरा जास्तच वेळ. मग खाली बघून त्यांनी मोबाइल काढला. "हे फोटो जोडायचे आहेत, तुम्ही एकदा बघून हो म्हणा."

मास्तरांनी ढिगाखालून जवळचं बघायचा चष्मा शोधून काढला. "मॅडम, आधी माझं ऐका. मी रागाच्या भरात बोललो. तसं बघितलं तर त्या माणसाचा काही त्रास नाही."

"ऐकते ना. आधी हे बघा. हा लांबून. हा जवळून. हा..."

बोटाने फोटो सरकत होते. लांबून सगळी भिंत. जवळून नुसता काळा रंग, ओघळलेला. मग आणखी एक.

"थांबा!" मास्तर म्हणाले. "हा. हाच तो. हे बघा, डावा खांदा, दोन बोटं खाली. बघा ही मान. भिंतीवर फराटे नुसते, नीट कळत नव्हतं, तुमच्या फोटोत कसा स्वच्छ आलाय! हा जोडा तुम्ही. काय उभा आहे बघा, जसं काही बस चुकलीय." त्यांना बोलताना हुरूप चढला होता. वकिली करायची आहे हे ते साफ विसरून गेले. "आणि बनियनचा गळा बघा, लोंबून इथवर आलाय. याच्या घरात कुणी सांगणारं नाही का याला?"

मॅडमचं बोट स्क्रीनवरच थांबलं.

"का? काय झालं?"

"काका," त्या म्हणाल्या, "हा भिंतीचा फोटो नाही."

"मग?"

"तक्रारदाराचं ठिकाण दाखवावं लागतं आम्हाला. म्हणून खालून तुमच्या गॅलरीचा काढला. तुम्ही उभे होतात."

मास्तरांनी मोबाइल हातात घेतला. खांद्यावरून नजर काढून ती चेहऱ्यावर न्यायला त्यांना वेळ लागला. मग त्यांना कठडा दिसला, कठड्यावरचा आपला कप दिसला.

शिंप्याला स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप लावायला हात उचलला की खांदा वर जातो आणि अंग खोटं बोलतं. मास्तरांच्या शर्टांचं माप बायको घ्यायची. आकडा कधी सांगायची नाही, सरळ कापडावर खडूने खूण करून मोकळी व्हायची. डाव्या खांद्याला ती काय करायची, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांचे शर्ट अंगावर सरळ बसायचे, म्हणून त्यांना वाटायचं, आपण सरळ आहोत.

"मी असा दिसतो?" ते म्हणाले.

"सकाळची वेळ आहे, काका. कुणीही असंच..."

"नाही, नाही. तसं नाही विचारलं." त्यांनी मोबाइल परत केला. मग आपल्या छातीकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं, आणि ढिगातला वरचा शर्ट ओढून घाईघाईने अंगात घातला. बटणं खालीवर लागली. मॅडमनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "म्हणजे लॉन्ड्रीवालीने ओळखलं होतं."

"खाली दोघातिघांनी मला सांगितलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी विचारलं, चित्रात नवीन माणूस कुठला, तर म्हणाले, ते काय, आमचे मास्तर."

मास्तर भिंतीला टेकले. सगळी गल्ली बघत होती तर. आपल्याला वाटायचं, आपण आहोत की नाही हेही कुणाला ठाऊक नसेल.

"मॅडम, एक सांगा. तुम्ही जवळून बघितलंय. तिच्यावर कुठं रंग आलाय का? तोंडावर, केसांवर?"

"एक थेंब नाही. उलट फार जपून काढलंय. त्या दुसऱ्या हाताचं तुम्ही लिहायला सांगितलं होतंत ना, तोही बघितला. खांद्यामागून नेलाय, पण टेकवलेला नाही. मधे थोडी जागा सोडलीय."

"टेकवायचा नसतोच तिला," मास्तर म्हणाले. "म्हणायची, तुमच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येतो."

आणि मग त्यांना रडू आलं. बायको गेली तेव्हा माणसं जमली होती, सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना काही केल्या रडता आलं नव्हतं. आता एका परक्या पोरीसमोर, खालीवर बटणं लावलेल्या शर्टात, ते हमसून रडले. मॅडमनी खुर्चीवरचा ढीग उचलून खाटेवर ठेवला, त्यांना खुर्चीत बसवलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं. पेला शोधताना त्यांनी दोन कपाटं उघडल्याचा आवाज आला. तेवढ्या आवाजानेही घर भरल्यासारखं वाटलं.

"मला एकच लिहायचं असतं," जाताना त्या म्हणाल्या. "हानी झालीय की नाही. ते मी तुमच्यावर सोडते. दुपारी तक्रार कक्षातून फोन येईल, त्यांना सांगा. नाही म्हणालात तर भिंतीला कुणी हात लावणार नाही."

मास्तर दुपारपर्यंत गॅलरीत गेलेच नाहीत. धीर होईना. भेटायला यायला फार उशीर केलेल्या माणसाला दारात जसं वाटतं, तसं त्यांना आपल्याच घरात वाटत होतं. त्यांनी दाढी केली. शर्टाची बटणं काढून पुन्हा लावली. जेवायची भूक नव्हती. फोन वाजला तेव्हा तो घेऊनच ते बाहेर आले.

"तक्रार कक्षातून, काका. झाली ना पाहणी?"

"झाली."

"मॅडमनी लिहिलंय, तक्रारदाराचं म्हणणं घ्यावं. तर मग त्या अनोळखी पुरुषाचं काय करायचं?"

"अनोळखी नाही तो. तेवढा शब्द खोडा आधी."

"म्हणजे ओळख पटली? कोण निघाला?"

मास्तरांनी समोर पाहिलं. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं आणि दोघंही सावलीत होती. जाड काळ्या फराट्यांचा तो माणूस एका खांद्यावर कलून उभा होता, तिच्याइतका सुबक नव्हता, तिच्या रंगाचाही नव्हता. पण खिडकीत होता.

"नवरा आहे तिचा," मास्तर म्हणाले.

"अगंबाई! मग इतके दिवस होता कुठं?" बाई बोलून गेली. तिने जीभ चावली असावी.

"कामावर," मास्तर म्हणाले. "यायला उशीर झाला त्याला."

फोनमध्ये कुठेतरी दुसरा फोन वाजत होता, तो वाजून वाजून थांबला.

"आमच्याकडेही तीच तऱ्हा आहे हो," बाई शेवटी म्हणाली, पण थट्टेच्या सुरात नाही. "मग राहू दे ना त्यांना तिथं? करू तक्रार बंद?"

मास्तरांच्या तोंडावर 'करा' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"एक मिनिट थांबता का?" ते म्हणाले. "मी कोण सांगणार? खिडकी तिची आहे. तिला विचारतो."

त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. पलीकडे बाईने लाइन तोडली नाही.